सकाळ-संध्याकाळ एक ग्लास

११ जानेवारी

ताई,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. प्रेम सध्या तुमच्या बाजूला नाही आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही फोन ठेवता, म्हणून हे पत्र. फाडायचं झालं तरी आधी उघडाल, आणि उघडलं की वाचल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

परवा तुम्ही तुमच्या भावाला म्हणालात, "तुझ्या बायकोला विचार, मी पाठवते ते पावडरचे डबे जातात कुठे." तो फोन स्पीकरवर ठेवून बूट घालत होता. त्यामुळे सगळ्या घराने ऐकलं. माझा मुलगा व्यायामशाळेत जातो, त्याचे दंड तुमच्या डब्यांवर फुगलेत, हेही ऐकलं. मग तुम्ही म्हणालात, "परकी ती परकीच. बाप तिचा थोडाच आहे." मुलगा ताटावरून उठून गेला. आत्याच्या डब्याला मी हात लावला असेल तर हात झडो, असं म्हणाला. मी त्याला गप्प केलं, पण उपाशीच गेला पोरगा.

आता माझं ऐका. बाबा पडले ते स्टुलावरून, वरच्या फळीवरचं चहाचं पाकीट काढताना. मी दहादा सांगितलं होतं चढू नका म्हणून. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली, आणि हाड जुळेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं. तुम्ही आलात तेव्हा हे सगळं झालंच होतं. तुम्ही गेल्यावर हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की खरी भीती हाडाची नाही, मांसाची आहे. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की पायाचं मांस भराभर जातं आणि गेलेलं सहजी परत येत नाही. म्हणून ही प्रथिनांची पावडर, सकाळ-संध्याकाळ एक ग्लास. जेवणात अंडी, दही, सगळं थोडं थोडं वाटून. आणि पडल्या पडल्या मांडी आवळायचे, गुडघा गादीत दाबायचे व्यायाम. पावडर म्हणजे काही मंत्र नाही, पोटात गेली आणि पाय हलले तरच उपयोग, असंही त्या म्हणाल्या. तुम्ही त्यातलं 'पावडर' तेवढं ऐकलंत आणि डबे पाठवायला लागलात. चांगलं केलंत. मी नावं ठेवत नाही.

तुमची अट मला कळली आहे. पुढच्या तपासणीला भार द्यायची परवानगी मिळाली आणि बाबांना खुर्चीतून उठता आलं नाही, तर तुम्ही त्यांना तुमच्या शहरातल्या त्या वृद्धांच्या निवासात नेणार. बाबांना ते समजलंय. त्या दिवसापासून खिडकीकडे तोंड करून असतात. मला म्हणाले, "तिथे चहा पिशवीचा देत असतील." हसले, पण हसू काही खरं नव्हतं.

ग्लास मी स्वतः करते. मापाचा चमचा, सपाट, बोट फिरवून. दूध कोमट. यात खोट असेल तर सिद्ध करा.

तुमच्या भावाची बायको (तुम्ही मला असंच म्हणता, म्हणून)

२८ जानेवारी

ताई,

तुमचं उत्तर नाही. भावाकरवी निरोप तेवढा आला, "टेप काय म्हणते?"

टेप बरं म्हणत नाही. फिजिओ येतात, मांडीभोवती टेप गुंडाळतात आणि दर वेळी टेप थोडी आणखी आवळावी लागते. काल त्यांनी मला विचारलं, "पावडर नक्की देता ना?" घरात आलेल्या परक्या बाईने तेच विचारलं, ताई. मी आत जाऊन डब्याचं झाकण काढलं आणि पावडरीच्या पातळीवर आतून पेन्सिलने रेघ मारली. रोज बघते. जेवढी मी काढते तेवढीच कमी होते. म्हणजे मुलगा नाही. उंदीर नाही. भूत असेल तर तेही मोजून खातंय.

मला वाटलं पावडरच बनावट. आहाराच्या बाईंकडे डबा घेऊन गेले, त्यांनी उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "उत्तम आहे. तुमच्या ताई चांगलं पाठवतात." हेही ऐकून घेतलं.

आणि बाबा! तुम्ही फोन करता तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, कान बंद नसतात. तुम्ही विचारता, पावडर कशी आहे, की बाबांची कळी खुलते. "पुढे दुधाची भुकटी, मध्ये जरा खडू, शेवटी व्हॅनिलाचा खोटेपणा. कालच्यापेक्षा आज पातळ." पातळ! चहाच्या कंपनीत चाळीस वर्षं चहा चाखून भाव ठरवणारा माणूस 'पातळ' म्हणाला की तुमच्यासाठी ब्रह्मवाक्य. दूध त्या दिवशी गायीचं होतं, त्याला मी काय करू? त्या एका शब्दावर तुम्ही मला चोर ठरवलंत आणि त्यांना कल्पनाही नाही. ते फक्त चवीचं खरं बोलत होते.

समोर उभी राहून प्यायला लावावं म्हटलं. तर म्हणतात, "पहारा देऊ नकोस, चव लागत नाही. तू जा, उशीर होईल." चष्म्याच्या दुकानात मला वेळेवर पोचावं लागतं, मालक तोंडाने गोड आणि घड्याळाने कडू. दुपारी मी धावत घरी येते तेव्हा ग्लास रिकामा असतो आणि बाबा म्हणतात, "छान होतं."

तुम्हाला म्हणून विचारते, दुसरं कुणी नाही विचारायला. माणूस सगळं खातो-पितो आणि तरी वाळतो, असा काही आजार असतो का? रक्त तपासलं, ठीक आलं. मला भीती वाटायला लागली आहे. तुमची नाही, तुमची भीती वाटायची ती केव्हाच संपली. त्यांचीच वाटते.

१६ फेब्रुवारी

ताई,

सापडलं. लगेच लिहिते, कारण उद्या माझीच हिंमत जाईल.

काल सकाळीच दुकानात वीज गेली म्हणून मालकाने लवकर सोडलं. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. आतून आवाज येत होता, बाबांचा नेहमीचा. सुर्रकन घोट ओढायचा, गालांत घोळवायचा आणि पिकदाणीत सोडायचा. लग्न होऊन आले तेव्हा या आवाजाने मला जेवण जात नसे. तुम्हीच समजावलं होतंत मला, आठवतंय? "अगं, चहा चाखणारे गिळत नाहीत. दिवसाला शंभर कप गिळले तर माणूस मरेल." कंपनीने निरोपाला दिलेली ती उभी पितळी पिकदाणी पलंगापाशी कायम असते. तुमचा भाऊ सकाळी त्यांना दोन-तीन कप करून देतो, ते चाखतात, थुंकतात, खूश होतात. पंख्याचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसा हा आवाज आम्हाला ऐकू येत नाही.

मी हातपाय धुवायला मोरीपर्यंत गेलेसुद्धा. मग लक्षात आलं की या वेळेला त्यांना चहा करून द्यायला घरात कुणीच नसतं.

दारात जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातात माझा ग्लास होता. सकाळचा, अर्धा. एक घोट घेतला, डोळे मिटून घोळवला, पिकदाणीत सोडला. मग मला पाहिलं.

ताई, डबे असे गेले. तुमचे सगळे डबे. पिकदाणी रात्री तुमचा भाऊ रिकामी करतो, बापाची थुंकी बायकोने का उचलावी म्हणून. मी त्याला विचारलं, पांढरं दिसलं नाही का तुला? म्हणाला, "मला वाटलं दुधाचा चहा. पडून पडून कंटाळतात, जास्त चाखत असतील." दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्याच दिवशी बोंब झाली असती. आपल्या घरात तोंडातलं बाहेर टाकणं ही अक्कल समजली जाते, मग कोण बघणार?

बाबांनी हे का केलं, ते मी सांगणार नाही. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाय. चवीसाठी नाही, हट्टासाठी नाही, एवढंच सांगते.

तपासणी जवळ आली आहे आणि आमच्या हातात फार दिवस नाहीत. एवढं कळूनही तुम्हाला मला चोरच म्हणायचं असेल तर म्हणा.

२४ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही बाबांना फोन करून विचारलंत ते बरं केलंत. मी खोलीतच होते, पांघरुणाच्या घड्या घालत. बाबा म्हणाले, "छे, काहीतरीच. सगळं पितो मी." सराईतपणे म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मग तुम्ही तुमच्या भावाला सांगितलंत की चोराच्या उलट्या बोंबा, आता बापालाच खोटं पाडतेय, मी शनिवारी येते आणि परतीची दोन तिकिटं काढते.

तेव्हा आता शब्द मोडते. त्यांनी माझ्यासमोर तुम्हाला खोटं सांगितलं, तिथे मी सुटले.

त्या दिवशी मी खूप बोलले त्यांना. सासऱ्याशी कुणी बोलू नये असं बोलले. म्हटलं, तुमची लेक मला चोर म्हणते, तुमचा नातू ताटावरून उठतो, आणि तुम्ही इथे रोज तुमचे पाय थुंकून टाकताय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पलंगाखाली बोट दाखवलं, शौचाच्या भांड्याकडे.

"गिळलं की ते लागतं," ते म्हणाले. "आणि ते तू उचलतेस."

ताई, मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खालीच बसले. पाणीसुद्धा ते मोजून पितात, अंडं अर्धं ठेवतात, पोट बरं नाही म्हणतात. तुमचा भाऊ दिवसभर कामावर. मदतनीस ठेवला होता, त्याच्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणून बाबांनी आठवड्यात पळवला. दुसरा मिळाला नाही. म्हणजे राहिले मी. सकाळी दुकानात जाण्याआधी, दुपारी धावत येऊन, रात्री. मी तोंड वाकडं केलं नाही कधी, नाकाला पदर लावला नाही. तरी त्यांनी ठरवलं की आत काही गेलंच नाही तर सुनेला काही उचलावं लागणार नाही. आणि ग्लास परत केला तर मला वाईट वाटेल, तुम्हाला फोनवर काय सांगणार, म्हणून चव तेवढी घ्यायची.

मी त्यांना विचारलं, "कंपनीत तुमची पिकदाणी कोण धुवायचं?"

"होती एक बाई."

"चाळीस वर्षांत तिची लाज वाटली कधी?"

"नाही. ती परकी होती."

"मग मलाही परकी समजा."

त्यांनी पांघरुणाची कड नीट केली. मग म्हणाले, "आता कसं जमेल, पोरी? फार वर्षं झाली."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. तुम्ही फोनवर मला परकी म्हणालात त्या रात्री मी रडले नव्हते, दात-ओठ खाल्ले होते. या वाक्याला रडले. आणि रडता रडता संतापही आला, कारण या आपलेपणाचं मी करू काय? तो त्यांचे पाय खातोय.

त्यानंतर मी समोर बसून पाजते. चार घोट पितात, मग म्हणतात पोट भरलं. पिकदाणी मी उचलून माळ्यावर ठेवली, तर चहाही बंद केलाय. रुसलेत. टेप जागची हललेली नाही.

तुम्ही शनिवारी याच. माझ्या मनातलं एक सांगून टाकते. काही वेळा वाटतं, न्या तुम्ही. तिथे पगारी माणसं असतील, परकी, त्यांच्यापुढे बाबा पोटभर खातील, मांस धरेल, उभे राहतील. इथे माझ्या हाताखाली लाजून लाजून पडून राहण्यापेक्षा ते बरं. असं वाटतं आणि मग ते पिशवीच्या चहाबद्दल बोलले होते ते आठवतं.

एकच मागते. आल्यावर पहिले दोन दिवस त्यांचं सगळं तुम्ही करा. ग्लास तुम्ही द्या, भांडं तुम्ही उचला. मी मध्ये येणार नाही. पिकदाणी माळ्यावरून काढून पलंगापाशी ठेवते. मग तिकिटांचं काय ते ठरवा.

२ एप्रिल

ताई,

तुम्ही परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. आता फोन उचलता, त्यामुळे पत्राचं निमित्त उरलं नव्हतं. पण परवाच्या फोनचं तुम्हाला सांगायचं राहिलंय, आणि ते मला तोंडाने सांगता येणार नाही.

आधी त्या रविवारचं. आपण दोघी त्यावर अजून एक अक्षर बोललो नाही. शनिवारी रात्री तुम्ही भांडं उचललंत, मान ताठ ठेवून, मला दिसेल अशा बेताने. रविवारी सकाळी ग्लासही तुम्हीच नेलात. मी ओट्याशी उभी होते. सुर्रकन आवाज आला, मग घोळवल्याचा, आणि मग पिकदाणीत पडल्याचा. तुमच्या समोर, ताई. झोपेत असल्यासारखं केलं त्यांनी ते, की मुद्दाम, मला माहीत नाही. तुम्ही बाहेर आलात, हातात भरलेली पिकदाणी. मोरीत ओतली, धार लावून धुतली, पालथी घातली. मला वाटलं आता म्हणाल, वहिनी, चुकलं माझं. सिनेमात म्हणतात तसं. तुम्ही म्हणालात, "माझ्या हातचंही थुंकतात." आणि ओट्यावर डोकं टेकलंत. मी तुमच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला होता, हे आज सांगते.

दुपारी तुम्ही म्हणालात, "चल, दुकानं उघडी असतील," आणि आपण ती संडासाची, भोकाची खुर्ची आणायला गेलो. मला चाकांची हवी होती, तुम्ही म्हणालात चाकं नकोत, झाकण घट्ट हवं. दुकानदाराला पाच खुर्च्यांची झाकणं उघडायला लावलीत. तेव्हा मला हसू आलं होतं, पण तुम्हाला तुमचा बाप बरोबर कळला होता. फिजिओने पलंगावरून खुर्चीवर घसरायची फळी शिकवली, चांगल्या पायावर जोर देऊन. बाबा स्वतः सरकतात, स्वतः बसतात, स्वतः झाकण लावतात. मग हाक मारतात. झाकणाखाली काय आहे ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, पण दिसत नाही ना, एवढ्यावर तो माणूस जेवायला लागला. ग्लास रिकामा होतो आणि पिकदाणी कोरडी असते. अंडं पूर्ण खातात. चवीला अजून शिव्या देतात.

तपासणी पुढे ढकलायला तुम्ही डॉक्टरांशी बोललात आणि तिकिटांपैकी एकच वापरलंत, याबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही. मानले तर तुम्ही चिडाल.

तपासणीत काय झालं ते भावाने सांगितलंच आहे. पहिल्या खेपेला अर्धे उठले आणि बसले. डॉक्टर पेन बंद करत होते. बाबा म्हणाले, "थांबा, हा घोट नीट घेतला नाही," आणि खुर्चीच्या हातांना न धरता उठले. पाय लटलटत होते, पण उभे होते. पावडरीने की व्यायामाने की तुमच्या भीतीने, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, आता वॉकरने चालवा, पण सांभाळून, मांडी अजून पूर्ण भरलेली नाही.

आता परवाचं. मी तुम्हाला फोन लावला तो तुम्हाला त्यांचं चालणं ऐकवायला. ते पहिल्यांदा पलंगापासून संडासापर्यंत स्वतः निघाले होते. मी मागे, हात पसरून, न शिवता. एका हातात फोन. फिजिओने निक्षून सांगितलंय की दाराची कडी लावायची नाही, आत पडले तर दार तोडावं लागेल. बाबांनी मान डोलावली होती.

ते आत गेले. दार लोटलं. आणि तुम्हाला तो 'खट्' आवाज ऐकू गेला. तुम्ही ओरडलात, "काय पडलं? अगं बोल, काय पडलं?" फोन हातातून सुटला. नंतर तुम्ही भावाला विचारलंत आणि तो म्हणाला, सगळं ठीक आहे. त्याला एवढंच बोलता येतं.

ती कडी होती, ताई. त्यांनी आतून लावली.

मी दारावर थाप मारली. म्हटलं, "बाबा, कडी काढा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" आत वॉकर भिंतीला घासला. मला वाटलं, गेलं सगळं. मग आवाज आला, अगदी पूर्वीचा, घरात सगळ्यांना दटावायचे तेव्हाचा.

"तू जा बघू तिथून. आणि माझ्या चहाचं आधण ठेव."

मी गेले. आधण ठेवलं. पाणी उकळायच्या आत कडी निघाल्याचा आवाज आला.

पुढचा डबा पाठवताना व्हॅनिला नको म्हणताहेत.

तुमची वहिनी